थिन फिल्म बनवायच्या पद्धतीचे पेटंट क्लेम वाचणं

काचेवर किंवा सिलिकॉनवर काही नॅनोमीटर ते काही मायक्रॉन जाडीचा थर, म्हणजे थिन फिल्म, चढवायच्या पद्धतीवर पेटंट असेल तर त्यात मालकाचं नेमकं किती आहे हे ठरवणं म्हणजे क्लेमचा अर्थ लावणं. पेटंट कायदा १९७० च्या कलम १० प्रमाणे स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे पेटंटसाठी दिलेल्या लेखी वर्णनाच्या, शेवटी क्लेम असतात आणि हक्काची हद्द तेच ठरवतात, आधीची पानंच्या पानं वर्णन फक्त शब्द समजायला मदत करतं.

पद्धतीचा क्लेम म्हणजे स्टेप्स. सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सला थिन फिल्मचा प्रोजेक्ट केलेल्यांना सिलार (SILAR) पद्धत माहीत असेल, म्हणजे पट्टी आलटूनपालटून द्रावणांत बुडवून थरावर थर चढवणं. काचपट्टी आधी कॅटायनच्या (धन आयनांच्या) बीकरमध्ये, मग डिस्टिल्ड पाण्यात, मग ॲनायनच्या (ऋण आयनांच्या) बीकरमध्ये, परत पाण्यात, झाली एक सायकल. आता समजा क्लेममध्ये "प्रत्येक वेळी बुडवल्यावर धुणे" असं लिहिलंय आणि दुसरा माणूस एकदाच धुतोय, तर शब्दशः उल्लंघन होत नाही कारण क्लेममधली प्रत्येक स्टेप व्हायला लागते, मग वाद "दोन्ही एकच आहे का" यावर जातो. उलट त्याने सगळ्या स्टेप्स केल्या आणि वर भट्टीत ॲनीलिंग, म्हणजे फिल्म तापवणं, वाढवलं तर सहसा सुटका नाही, क्लेममध्ये "यांचा समावेश असलेली पद्धत" असे शब्द असले की जास्तीचं काम केलं तरी उल्लंघन होतंच.

क्रमाचं काय? आपल्या जेकार्ड चादरीचं सूत आधी रंगतं मग मागावर चढतं, उलटं केलं तर ती रंगीत नक्षी विणताच येणार नाही. क्लेमचंही तसंच, शब्दांमुळे किंवा कामाच्या स्वभावामुळे क्रम लागत असेल तरच तो बंधनकारक, नुसतं एकाखाली एक लिहिलंय म्हणून नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते छोट्या शब्दांना. अमेरिकेत २००४ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टापुढे कणकेच्या पदार्थाची केस आली होती, क्लेममध्ये कणीक ४०० ते ८५० फॅरनहाइट "पर्यंत" तापवायची असं होतं. एवढी तापली तर ती जळून कोळसा होईल, म्हणायचं होतं ओव्हनचं तापमान, पण कोर्टाने लिहिलंय तेच धरलं. त्यामुळे फिल्म ४०० अंशांपर्यंत तापवणे आणि ४०० अंशांच्या भट्टीत ठेवणे हे दोन वेगळे क्लेम आहेत बघा.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ४८ मुळे पद्धतीचं पेटंट त्या पद्धतीतून थेट निघालेल्या मालालाही लागू होतं, आयात केलेल्यासुद्धा. पण तयार फिल्मच्या एक्सआरडीत (एक्स-रे टाकून केलेल्या तपासणीत) क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे अणूंची रचना, कळतं, पट्टी किती वेळा धुतली ते कळत नाही. अशा वेळी कलम १०४अ कामाला येतं, माल तोच आहे हे पेटंटधारकाने आधी दाखवलं आणि बाकी अटी जुळल्या तर आपली पद्धत वेगळी आहे हे सिद्ध करायला कोर्ट समोरच्याला सांगू शकतं.