रेघेला पडलेल्या गाठी

हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीला गेलो, की पहाटे धुऱ्यावर बसून मी विमानं पाहतो. देशाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हवाईमार्ग नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्या वावरावरून विमानांची ये-जा चालूच असते. उजाडताना एखादं विमान मागे पांढरी रेघ सोडून जातं. ती नीट पाहा. आधी तिच्या दोन होतात, दोन्ही नागमोडी वळतात, आणि थोड्या वेळात एकमेकींना भिडून गाठीगाठींची माळ होते.

विमानानं मागे सोडलेल्या दोन वावटळी त्या रेघेमुळे दिसतात. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. म्हणून खालची हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर धावते आणि तिला पीळ पडतो. उन्हाळ्यात वावरात उठणारी वावटळ उभी असते, ही आडवी. विमान जितकं जड आणि संथ, तितका पीळ जोरकस. तो मिनिटाला 300 ते 500 फूट खाली उतरतो, वाऱ्यासोबत सरकतो. रेघ उमटली नाही, तर दिसतही नाही.

7 जानेवारी 2017 रोजी अरबी समुद्रावर एक छोटं जेट समोरून आलेल्या एअरबस ए-380 या अवाढव्य प्रवासी विमानाच्या 1000 फूट खालून गेलं. अंतर नियमानुसारच होतं. मिनिटभरात ते वावटळीत सापडलं, कोलांट्या खात हजारो फूट खाली आलं. आतली माणसं जखमी झाली. वैमानिकांनी ते मस्कतला उतरवलं, पण विमान दुरुस्तीपलीकडे गेलं होतं.

टक्कर टाळणारी यंत्रणा दुसरं विमान कुठे आहे ते सांगते. इथे धोका असतो तो ते जिथून गेलं तिथे. एडीएस-बी यंत्रणेतून विमानं आपली जागा, उंची, वेग आणि वजनाचा गट सतत प्रसारित करतात. त्यावरून समोरच्याची वावटळ कुठवर उतरली असेल, याचा पट्टा कॉकपिटच्या पडद्यावर काढता येतो. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण आज वैमानिकाची भिस्त ठरलेल्या अंतरावर आणि पुढच्या विमानाच्या वाटेच्या वर राहण्यावर आहे.

घोडं अडतं ते वाऱ्यापाशी. वारा चुकला, की पट्टा भलतीकडे जातो. काल शेकोटीचा धूर पश्चिमेला वाहत होता आणि वरची रेघ पूर्वेला सरकत होती. पडद्याला वारा हवा तो त्या रेघेच्या उंचीवरचा, आणि तो मोजणारं सगळ्यात जवळचं यंत्र त्या पुढच्या विमानातच असतं.