टोलनाक्यावरच्या रांगेतून आलेला क्लास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधलेल्या वस्तूंतून प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीचा, पहिला तास बहुतेक ठिकाणी चार व्याख्यांनी सुरू होतो: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्हायव्हाला याच विचारतात, म्हणून मीही त्या पाठ केल्या होत्या. पण हे सगळं मुळात कुणाला आणि कशासाठी लागलं, हे समजलं तेव्हा कुठे मला धड क्लास, म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा कोडमधला साचा, लिहिता येऊ लागला.

गोष्ट नॉर्वेतल्या ओस्लोची, १९६०च्या दशकातली. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमधले क्रिस्टन नीगार्ड ऑपरेशन्स रिसर्चमधले. काम कुठे तुंबतं, रांगा कुठे लागतात, हे प्रत्यक्षात पैसे घालण्याआधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, म्हणजे सिम्युलेशन करायचं, हा त्यांचा विषय. त्यांच्या जोडीला ओले-योहान डाल, कसलेले प्रोग्रॅमर. दोघांनी अल्गोल ६० या भाषेच्या पायावर सिम्युला ही भाषा उभी केली.

अडचण सुरुवातीलाच आली. अल्गोलमधला ब्लॉक, म्हणजे कोडचा एक बांधलेला तुकडा, चालून संपला की त्यातली व्हेरिएबल्स, म्हणजे साठवलेली माहितीही जाते. शेवटी उघडलेला ब्लॉक आधी मिटणार, एकावर एक ठेवलेल्या ताटांसारखं. रांगेतल्या ट्रकचं तसं नसतं. तो थांबतो, मागचे-पुढचे हलतात, मग तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघतो. थांबलेला असतानाही त्याची माहिती त्याच्यापाशीच राहायला हवी. त्यासाठी डाल यांनी मेमरी वाटण्याची वेगळीच पद्धत बसवली. ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती सांभाळून हवं तितका वेळ टिकणारी वस्तू, हे इथून सुरू झालं. पहिल्या सिम्युलात मात्र तिला प्रोसेस म्हणत.

दुसरी पायरी डिसेंबर १९६६ची, आणि मला सगळ्यात आवडणारी. त्यांच्यासमोर उदाहरण होतं एका पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक आणि बस दोन्ही. रांगेत उभं राहणं, म्हणजे मागच्यापुढच्याशी जोडलेलं असणं, दोघांनाही सारखंच. बाकीचा तपशील वेगळा. मग रांगेचा भाग दोनदा कशाला लिहायचा? त्यांनी रांगेची कडी, म्हणजे लिंक, एकदाच लिहिली आणि ट्रक किंवा बस तिच्यावर चिकटवून दोन्ही मिळून एकच वस्तू करायचं ठरवलं. लिहायचीही सरळ रीत होती: ‘लिंक क्लास ट्रक’, मूळ क्लासचं नाव आधी. आज आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो ते हेच. क्लास हा शब्द ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या ‘रेकॉर्ड क्लास’, म्हणजे एकाच ठेवणीच्या नोंदींचा गट, या कल्पनेला जवळचा. मे १९६७मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू इथल्या परिषदेत ही नवी भाषा मांडली गेली. तीच सिम्युला ६७. सबक्लासने, म्हणजे मूळ क्लासवर बेतलेल्या क्लासने, एखादं काम आपल्या वेगळ्या रीतीने करावं म्हणून व्हर्च्युअल प्रोसीजरही तिच्यात आल्या. पण आतली माहिती बाहेरच्यांपासून लपवायची सोय तिच्यात सुरुवातीला नव्हती, ती नंतर जोडली गेली. एन्कॅप्सुलेशन आपण पहिला खांब म्हणून शिकतो, त्याचा इतका महत्त्वाचा भाग मागून आला, हे नवशिक्याला सांगायलाच हवं.

अमेरिकेत युटा विद्यापीठात १९६६ साली तिथे शिकणाऱ्या ॲलन के यांना प्रोग्रॅमची टेप देऊन सांगण्यात आलं की हा अल्गोल आहे, चालता करा. निघाला सिम्युला. त्यांनी जवळपास ८० फूट लांब लिस्टिंग, म्हणजे कोडची छापील प्रत, व्हरांड्यात अंथरलं आणि रांगत रांगत वाचून काढलं. के यांचं शिक्षण जीवशास्त्राचंही होतं. त्यांना यात पेशी दिसल्या: प्रत्येकीचं आतलं काम तिचं तिला ठाऊक, एकमेकींशी बोलायचं ते फक्त निरोप पाठवून. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत डॅन इंगल्स आणि अडेल गोल्डबर्ग यांच्यासह स्मॉलटॉक ही भाषा घडली. तिच्यात तीन अधिक चार हासुद्धा तीनला पाठवलेला निरोप असतो. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नावही के यांचंच.

ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांची वाट निराळी. केंब्रिजला त्यांनी सिम्युलात एक सिम्युलेटर लिहिला. क्लासमुळे विचार नीट मांडता आला, पण प्रोग्रॅम इतका मंद चालला की तो दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावा लागला. मग १९७९पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत त्यांनी सी या भाषेच्या वेगाला क्लासची जोड दिली. १९८३मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळालं. १९९५ची जावा, पायथन वगैरे भाषा त्यानंतरच्या.

नुकतीच सुरुवात केली असेल तर व्याख्या थोड्या बाजूला ठेवा आणि एक टोलनाका लिहून बघा. आधी नुसती रांग. मग तिच्यात ट्रक आणि एसटी सोडा, दोघांचा टोल वेगळा. तेवढं जमलं की रांगेत एक रुग्णवाहिका आणा, जिच्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत, आणि आधी लिहिलेला रांगेचा कोड कुठे बदलावा लागतो का ते पाहा.