पोटात डोकवायला बनवलेलं फायबर समुद्रात कसं पोचलं

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो, की फायबर ऑप्टिक्सचा, म्हणजे काचेच्या धाग्यातून प्रकाश न्यायच्या तंत्राचा, शोध लावला पंजाबच्या नरिंदर सिंग कपानींनी आणि २००९ चं नोबेल मात्र गेलं चार्ल्स काओंना, बघा आपल्या माणसावर कसा अन्याय. कपानी मोठे होतेच, २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषणही मिळालं. पण या दोघांना काचेच्या धाग्याकडून काय हवं होतं ते बघितलं तर भांडण बरंचसं मिटतं. कपानींना धाग्यातून चित्र न्यायचं होतं, काओंना फोन कॉल. आणि गंमत अशी की दोन्ही अपेक्षा जशा धरल्या होत्या तशा काही राहिल्या नाहीत.

चित्राचं आधी. १९५४ च्या जानेवारीत नेचर साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन छोटे लेख आले, एक लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचा विद्यार्थी कपानी यांचा, दुसरा हॉलंडच्या अब्राहम व्हॅन हील यांचा. कल्पना अशी की हजारो बारीक काचेचे धागे एकत्र बांधायचे, दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवायचा, मग एका टोकाला जे चित्र पडेल त्याचा एकेक ठिपका एकेका धाग्यातून दुसऱ्या टोकाला जाणार आणि मध्ये जुडगा कितीही वाकवला तरी चालणार. हवं होतं ते डॉक्टरांना, कारण तेव्हाच्या पोटात बघायच्या नळ्या एकतर ताठ होत्या नाहीतर अगदी थोड्या वाकणाऱ्या, आणि त्या गिळायच्या म्हणजे पेशंटची शिक्षाच.

धाग्यातला प्रकाश बाहेर का पडत नाही, तर काचेतून हवेकडे जाताना तो फार तिरका आदळला की बाहेर न जाता आतच परततो, असा परतत परतत पुढे सरकतो. पण नुसते उघडे धागे एकमेकांना चिकटले की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपतो आणि चित्राची खिचडी होते. कपानींचे धागे असे उघडे होते. व्हॅन हीलनी धाग्यावर दुसऱ्या पदार्थाचा थर चढवला, आणि १९५६ च्या शेवटी अमेरिकेत मिशिगनमध्ये लॉरेन्स कर्टिस नावाच्या कॉलेजातल्या पोराने हा थरही काचेचाच दिला, आत एक काच आणि बाहेर दुसरी. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कमी कौतुक झालेला माणूस हाच, कारण आजही जवळजवळ प्रत्येक फायबरची रचना मुळात हीच आहे. पुढच्याच वर्षी डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी त्या धाग्यांचा एंडोस्कोप, म्हणजे पोटात बघायची वाकणारी नळी, आधी स्वतः गिळून बघितला आणि मगच पेशंटकडे वळले.

पुढे पंचवीसेक वर्षं पोटातलं चित्र खरंच फायबरमधून येत होतं. एखादा धागा तुटला की चित्रात एक काळा ठिपका कायमचा, जुन्या डॉक्टरांना विचारा. मग १९८० च्या दशकात कॅमेऱ्याची चिप एवढी छोटी झाली की तीच नळीच्या टोकाला बसवली आणि चित्र तारेतून बाहेर यायला लागलं. फायबरकडे उरलं फक्त आत उजेड पाडायचं काम. ती चिप म्हणजे सीसीडी, आणि २००९ च्या त्या नोबेलचा अर्धा वाटा काओंना मिळाला तर उरलेला अर्धा सीसीडी बनवणाऱ्या बॉइल आणि स्मिथ यांना. म्हणजे फायबरला फोनच्या धंद्यात घालणारा माणूस आणि चित्राच्या धंद्यातून त्याला बाहेर काढणारे दोघं एकाच स्टेजवर, हे कुणी मुद्दाम ठरवलं नसणार पण जुळलं छान.

आता फोनचं. १९६० च्या सुमाराला चांगल्यातल्या चांगल्या काचेतूनही २० मीटर गेलं की फक्त १ टक्का प्रकाश उरायचा. पोटासाठी हे चालतं, गावासाठी नाही. त्यामुळे मोठ्या टेलिफोन कंपन्या काचेकडे बघतही नव्हत्या, अमेरिकेच्या बेल लॅब्जचा जीव अडकला होता पोकळ धातूच्या पाइपांत, पाच-सहा सेंटिमीटर रुंद, जमिनीत जवळजवळ सरळ रेषेत पुरायचे आणि त्यातून काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडायच्या. एवढी मोठी वाहिनी कशाला, तर पिक्चरफोनसाठी. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो दाखवला, १९७० मध्ये पिट्सबर्गला विकायला काढला, महिना १६० डॉलर. एकेका पिक्चरफोनला साध्या शंभरेक कॉलची जागा लागायची, म्हणून सगळ्यांनी हिशोब धरला की आता घरोघरी लोक तोंड बघून बोलणार. लोकांनी तो घेतलाच नाही. (पैसे वेगळे मोजावे लागत नाहीत तेव्हा मात्र आपण भाजीवाल्यासमोर उभं राहून कोथिंबीर दाखवायला व्हिडिओ कॉल करतो.)

काओ आणि जॉर्ज हॉकहॅम हे इंग्लंडमध्ये हार्लो इथल्या एसटीएल या टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये होते. १९६६ च्या त्यांच्या पेपरचा खरा मुद्दा असा की दोष काचेचा नाही, काचेतल्या घाणीचा आहे. लोखंड, तांबं असल्या धातूंचे अंश प्रकाश गिळतात, ते काढले तर १ किलोमीटरनंतर १ टक्का प्रकाश उरायला हरकत नाही, म्हणजे प्रकाशाची घट मोजायच्या भाषेत किलोमीटरला २० डेसिबल, आणि तेवढ्यावर फोन चालतो. फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. मग काओ स्वतः काच कंपन्या आणि लॅब पालथ्या घालत फिरले. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी किलोमीटरला १७ डेसिबलचा धागा काढून दाखवला, आणि त्याच वर्षी साध्या खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा छोटा सेमीकंडक्टर लेसरही झाला, म्हणजे धाग्यात सोडायच्या प्रकाशाचीही सोय झाली. पुढे पाइप गेले बाराच्या भावात. आज रोजच्या वापरातलं फायबर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे तोच १ टक्का आता १०० किलोमीटरवर उरतो. २० मीटर, १ किलोमीटर, १०० किलोमीटर, एवढं आकड्यांचं कौतुक पुरे.

१९७७ मध्ये शिकागोच्या रस्त्याखाली फायबरवर फोन चालायला लागले आणि १९७९ मध्ये भारतातलं पहिलं फायबर लागलं ते आपल्या पुण्यात, एक्स्चेंज ते एक्स्चेंज. हे पुणेकरांनी अजून पाटी लावून कसं सांगितलं नाही याचं मला आश्चर्य आहे. ते फायबर होतं निव्वळ कॉलसाठी. १९८८ ची अटलांटिकखालची पहिली फायबर केबल टॅट-८, तिची ऐटही कॉलमध्येच मोजायचे, एका वेळी ४० हजार. त्याआधी जपानने नाराजवळच्या एका वसाहतीत दीडशेच्या आसपास घरांना फायबर, कॅमेरा आणि टीव्ही देऊन बघितलं होतं, कारण त्यांना वाटत होतं की फायबरचं खरं काम म्हणजे घरबसल्या मागाल ते टीव्हीवर. यातलं काहीच चूक नव्हतं म्हणा, फक्त मध्ये इंटरनेट येणार आणि फोन, टीव्ही, पत्र, बँक सगळं एकाच प्रकारच्या शून्य-एकच्या आकड्यांत जाणार हे त्यात नव्हतं.

मग १९९० च्या दशकात उलटी चूक झाली. इंटरनेट येतंय हे कळलं म्हणून कंपन्यांनी कर्ज काढून समुद्रभर केबल टाकल्या, पण त्याच सुमाराला एकाच धाग्यात वेगवेगळ्या रंगांचे अनेक लेसर एकदम घालायची सोय आली आणि सगळे रंग एका दमात वाढवणारे ॲम्प्लिफायरही आले, म्हणजे जुन्याच धाग्याची क्षमता कित्येक पट वाढली आणि नवीन धागे पडून राहिले, अंधारात, ज्याला धंद्यात डार्क फायबर म्हणतात. कंपन्या बुडाल्या. याचा फायदा झाला मुंबईला. टायको या कंपनीचं अब्जावधी डॉलर ओतून बांधलेलं ६० हजार किलोमीटरचं जागतिक नेटवर्क टाटांच्या व्हीएसएनएल या टेलिकॉम कंपनीने १३ कोटी डॉलरला घेतलं, आणि फ्लॅग नावाचं दुसरं रिलायन्सने. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर इतक्या केबल वर येतात की सगळी अंडी एकाच टोपलीत अशी काळजी करायची वेळ आलीये. आणि नव्या केबल आता फोन कंपन्यांपेक्षा गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांच्या पैशावर जास्त पडतात. मोबाइल आला म्हणजे तारा संपल्या असं वाटतं खरं, पण हवेतला प्रवास बहुतेक वेळा फक्त टॉवरपर्यंत, पुढे बरंचसं फायबरच.

कुणाच्याच यादीत नव्हता तो उपयोग मात्र मला सगळ्यात आवडतो. काच कितीही शुद्ध केली तरी ती अगदी एकसारखी नसते, त्या बारीक विषमतेवर आदळून थोडा प्रकाश मागे फेकला जातो. ०.२ डेसिबलच्या फार खाली न जाण्याचं मुख्य कारणच हे, इंजिनिअर लोकांची जुनी डोकेदुखी. पण फायबर जरासं ताणलं, हललं की मागे येणारा प्रकाशही बदलतो, आणि तो सतत मोजला तर केबलचा दर काही मीटरचा तुकडा एकेक कंपनमापक होतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागराखालच्या केबलवर असा भूकंप टिपला, पुढे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळ देवमाशांचे आवाज ऐकले. त्यासाठी नवीन काही पुरावं लागत नाही, एका टोकाला यंत्र जोडलं की झालं. युक्रेनच्या युद्धात ड्रोनच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर फायबर सोडत नेतात, कारण रेडिओ जॅम करता येतो, काचेच्या धाग्यातला प्रकाश तसा जॅम करता येत नाही. हाही उपयोग कपानींना किंवा काओंना सुचला असेल असं वाटत नाही.

आणि आता परत पोकळ नळी आलीये. केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत मध्ये नुसती हवा, प्रकाश काचेतून न जाता हवेतून, म्हणजे सेकंदाला २ लाख ऐवजी जवळजवळ ३ लाख किलोमीटर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातून निघालेली लुमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये घेतली, आणि २०२५ मध्ये किलोमीटरला ०.०९१ डेसिबलचा आकडा छापून आला, साध्या काचेच्या फायबरला न जमलेला. डेटा सेंटरवाल्यांना आणि शेअर बाजारातल्या मायक्रोसेकंद मोजणाऱ्यांना हे हवंच आहे. अडचण अशी की बनवायला महाग, जोडायला किचकट, आणि हवेत विषमता नसल्यामुळे मागे येणारा प्रकाश फारच थोडा, त्यामुळे देवमासे आणि भूकंप ऐकायला काचेचं जुनं फायबरच बरं पडेल.