किल्लारीचा धसका आणि त्यानंतर : आपत्तीग्रस्तांच्या मानसिक आधाराची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला, तेव्हा आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेली माळवदे काही सेकंदांत खाली आली आणि सुमारे १०,००० माणसे दगावली. मदतकार्य, गावांचे स्थलांतर आणि जागतिक बँकेचे कर्ज यांविषयी त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले आणि त्यांना सावरण्याची रीत आपल्याकडे कशी घडत गेली, याची नोंद मात्र त्या मानाने फार थोडी आहे.

या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा १९४२ सालच्या बोस्टनमधील एका नाइट क्लबच्या आगीपासून सांगितली जाते. त्या आगीत ४९२ जण मरण पावले. वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातलगांशी बोलून मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे मांडली : छाती दाटून येणे, गेलेल्या माणसाची प्रतिमा सतत समोर येणे, आपणच कमी पडलो असे वाटणे. शोक दडपून राहिला तर तो पुढे आजाराच्या रूपाने वर येतो, हे त्यांचे निरीक्षण पुढच्या समुपदेशनाचा पाया ठरले. १९७२ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात मुसळधार पावसानंतर कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि बफेलो क्रीकच्या खोऱ्यात १२५ माणसे वाहून गेली. तेथील बेघरांना तात्पुरत्या घरांत हलवताना कोण कोणाचा शेजारी होता, हे पाहिलेच गेले नाही. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी दाखवून दिले की माणसे गमावण्याइतकाच खोल घाव गावपण गमावल्याचा होता. १९७४ च्या आपत्ती साहाय्य कायद्याने अमेरिकेत संकटकालीन समुपदेशनाला सरकारी निधीची तरतूद झाली.

भारतात हा प्रश्न प्रथम ठळकपणे समोर आणला तो नैसर्गिक नव्हे, तर मानवनिर्मित आपत्तीने. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मनाने खचलेल्यांची संख्या प्रचंड होती आणि मध्य प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचे अध्यापकच नव्हते. तेव्हा बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोपाळच्या सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मानसिक आजार ओळखण्याचे आणि हाताळण्याचे प्रशिक्षण दिले. तज्ज्ञ पुरेसे नसतील तर कौशल्य इतरांच्या हाती द्यावे, हा निर्णय त्या वेळी नाइलाजाने झाला असला तरी भारतातील पुढचे सारे काम त्याच वाटेने गेले.

किल्लारीत या वाटेची खरी कसोटी लागली. भर पावसात, पडलेल्या घरांच्याच लाकडांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन झाले नाही, विधी झाले नाहीत, त्यामुळे शोकाला वाट मिळाली नाही. दगडी भिंतीचा धसका असा बसला की पक्के घर मिळाल्यावरही कित्येक जण अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिले. पंचनाम्यात घर, जनावर, धान्य, भांडीकुंडी यांना रकाने होते. या धसक्याला रकाना नव्हता.

पुनर्वसनाच्या आखणीतही मनाचा विचार नंतरच आला. पूर्णपणे स्थलांतरित झालेल्या ५२ गावांत घरांचे आकार जमीनधारणेनुसार ठरले : १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना आणि भूमिहीनांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. अनेक ठिकाणी एका आकाराची घरे एका पट्ट्यात आली, त्यामुळे जुन्या गल्लीतले शेजार आणि भावकी विखुरली. सरळ रुंद रस्त्यांच्या त्या नव्या गावांत ओसरीवर बसून दुःख बोलण्याची जागाच उरली नाही. बफेलो क्रीकची चूक वीस वर्षांनी मराठवाड्यात पुन्हा झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती समुपदेशकांनी नव्हे, तर नकाशे आखणाऱ्यांनी टाळायची होती.

तरीही याच भागात काही मोलाचे प्रयोग झाले. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. त्यांचे काम बांधकामाची माहिती पोहोचवण्याचे होते. पण त्या निमित्ताने घराबाहेर न पडणाऱ्या बाया एकत्र बसू लागल्या, आणि एकत्र बसल्यावर फक्त सिमेंटविषयीच बोलणे होते, असे थोडेच असते! नळदुर्गजवळच्या 'आपलं घर'ने अनाथ मुलांना आसरा दिला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात घेतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास केला.

१९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या क्रमाने ही पद्धत पक्की होत गेली. ओडिशात गावातल्याच तरुण-तरुणींना 'स्नेहकर्मी' म्हणून तयार केले गेले. विधवा, एकटे पडलेले वृद्ध आणि अनाथ मुले यांच्या घरी वारंवार जाणे, ऐकून घेणे आणि भरपाईच्या कागदपत्रांतही हातभार लावणे हे त्यांचे काम होते. निम्हान्सने अशा कार्यकर्त्यांसाठी सोप्या भाषेतल्या पुस्तिका काढल्या, आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूत शिक्षक व अंगणवाडी सेविकांपर्यंत हे प्रशिक्षण गेले.

याच काळात एका लोकप्रिय समजुतीला तडा गेला. घटनेनंतर लगेच पीडितांना एकत्र बसवून सारा अनुभव तपशीलवार बोलायला लावण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुजली होती. पुढील पडताळणीत अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणावविकार (भीषण अनुभवानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) टळत नाही, काहींना उलट अपायच होतो, असे दिसून आले. आपत्तीतील मानसिक आधाराविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणून पिरॅमिडची रचना स्वीकारली : तळाशी सर्वांसाठी सुरक्षितता, अन्न, निवारा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत, आणि टोकाशी, मोजक्यांसाठी, मानसोपचार. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेने पाहा, ऐका, जोडून द्या एवढीच त्रिसूत्री दिली. कोणालाही बोलायची सक्ती करू नये, हे त्यात स्पष्टच सांगितले आहे.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मानसिक आधाराची दूरध्वनी सेवा सुरू आहे. ती गरजेची आहे, पण वीज आणि नेटवर्क गेलेल्या डोंगराळ वाडीत पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग मर्यादितच राहतो. तिथे आशा कार्यकर्ती आणि शिक्षकच आधी पोहोचतात. अशाच डोंगराळ भागात, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळवाडीत वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत ठेवले गेले. घरे कोंदट होती, पण वाडी एकत्र राहिली, आणि किल्लारीच्या नकाशांत हेच राहून गेले होते.