दालचिनीतलं लाकूड

लाहोर-कराचीकडच्या एखाद्या बाई पुलावाची कृती सांगत असल्या की एक शब्द आपल्या कानाला जरासा अडतो. लवंग, इलायची, ज़ीरा हे सगळं ओळखीचं, आणि मग 'दारचीनी'. वाटतं, बोलण्याच्या ओघात ल चा र झाला असेल. झालंय उलटंच. र मूळचा आहे, ल नंतरचा. उर्दूत आजही नीट लिहायचं तर 'दारचीनी'च लिहितात. 'दालचीनी' हे बोलीतलं घासलेलं रूप, आणि मराठीनं नेमकं तेच उचललं. त्यामुळे घोटाळा असा झाला की हिंदी-उर्दूच्या कानाला त्यात दाल आणि चीनी, म्हणजे डाळ आणि साखर ऐकू येते. दोन्हीचा या मसाल्याशी काडीचा संबंध नाही.

शब्द फारसीतून आलेला. दार म्हणजे झाड किंवा लाकूड, चीनी म्हणजे चीनचं. दारचीनी म्हणजे चीनचं लाकूड.

हा 'दार' आपल्याला परका नाही. संस्कृतातला 'दारु' त्याचा सख्खा भाऊ. देवदार म्हणजे देवांचं झाड, दारुहळद म्हणजे लाकडाची हळद. तिचं खोड फोडलं की आत पिवळंजर्द निघतं. मात्र दिसला दार की धर, असं करून चालत नाही. आपल्या घराचं दार 'द्वार'वरून आलं. दुकानदार, जमीनदार यांतला दार 'बाळगणारा' या अर्थाचा, त्याचा धातूच निराळा. आणि दारू हा फारसीत औषधाचा शब्द. 'दवादारू'त तो अजून सभ्यपणे नांदतोय.

उर्दू शायरीत मात्र लाकडाचाच दार भेटतो, आणि तो सुळाचा खांब असतो. 'दार-ओ-रसन' म्हणजे सूळ आणि दोर. 'मीच सत्य' म्हणणाऱ्या सूफी मन्सूर अल-हल्लाजला 922 साली बगदादमध्ये मृत्युदंड दिला गेला, तेव्हापासून फारसी-उर्दू कवी त्या दारापाशी घुटमळत आले आहेत. एकच शब्द मसाल्याच्या डब्यात आणि वधस्तंभावर असा दोन्हीकडे.

या नावाचं एक जुळं भावंडही आहे आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मिळते. फारसीत 'चोब' म्हणजेही लाकूड, काठी. म्हणजे चोबचीनी, पुन्हा चीनचं लाकूडच! वस्तू अगदी वेगळी, एका वेलीचं मुळासारखं कंद. सोळाव्या शतकात फिरंगरोगावर, म्हणजे उपदंशावर, तिचा मोठा बोलबाला झाला. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती 'द्वीपान्तरवचा' या नावानं येते. हाच चोब हातात धरणारा तो चोबदार, आपला चोपदार. आळंदीहून निघालेली पालखी तळावर पोचते, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. तो दंड आणि चोपचिनी यांचं नातं या एका शब्दापुरतं, पण पक्कं.

आता चीन कुठून आला? चीनच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत दालचिनीच्या कुळातलं एक झाड होतं, त्याला आज कॅसिया म्हणतात. त्याची जाड, उग्र साल इराणी व्यापाऱ्यांच्या हाती पडली आणि माल जिकडून आला तिकडचं नाव त्याला चिकटलं. अरबीत च नाही, म्हणून तिथं 'दारसीनी' झालं, तुर्कीत 'तार्चिन'. हकिमांच्या ग्रंथांतून ते हिंदुस्थानात आलं, तेव्हा इथं या वस्तूला नाव नव्हतं असं मुळीच नाही. संस्कृतात ती 'त्वक्', म्हणजे साल. चातुर्जातात दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर एकत्र येतात, तिथं आजही वैद्य त्वक् म्हणतात. माझ्या मते हे नाव जास्त प्रामाणिक. आपण विकत घेतो ती सालच, लाकूड नव्हे. अरबीतला दुसरा शब्द 'किर्फा', त्याचाही अर्थ साल. पोर्तुगीजांचं 'कानेला' म्हणजे बारीक नळी. यांत लाकूड पाहिलं ते फारसीनंच.

याची चौकशी गोव्यात बसून एका माणसानं केली होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. दालचिनीच्या प्रकरणात तो फारसी नावाची फोड 'चीनचं लाकूड' अशीच करतो. कारणही देतो: चिनी जहाजं हा माल इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या हुरमुझच्या बाजारात नेत, म्हणून तिथल्यांनी तो चीनचा समजला. ओर्ताला ही फोड करावीशी वाटली याचं कारण उघड आहे. गोव्यात येणारा उत्तम माल चीनचा नव्हताच, सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा होता. पोर्तुगीज 1505 मध्ये त्या बेटावर उतरले आणि किनाऱ्यावरच्या दालचिनीसाठीच तिथं चिकटून राहिले. 1656 मध्ये डचांनी कोलंबो घेतलं तेही मुख्यतः तिच्यासाठीच. कोलंबोत कुरुंदुवत्त नावाची वस्ती अजून आहे. कुरुंदु म्हणजे सिंहलीत दालचिनी. एवढं सगळं होऊनही फारसी-उर्दूनं नाव काही बदललं नाही. साल सिलोनची, नाव चीनचं, आणि ते लाकडाचं.

घरातला डबा उघडून एक तुकडा हातात घ्या. सिलोनचा असेल तर कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, विडीसारखे, बोटांनी चुरडले की मोडणारे. रंग फिका, वास गोडसर. पण तुमच्या हातात बहुधा जाड, कडक, एकाच थराची, लालसर तपकिरी साल आली असेल, जी खलबत्त्यालाही दाद देत नाही आणि जिभेला चटका देते. ती कॅसिया. तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, ते रोज फार खाल्लं तर यकृताला बरं नाही. सिलोनच्या सालीत ते नावापुरतंच. आपल्याकडच्या किराणा दुकानांत स्वस्त म्हणून हीच जास्त खपते, आणि ती येते व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि चीनमधून.

म्हणजे वाण्यानं पुडीवर 'दालचिनी' लिहिलं असेल, तर निदान त्यातलं 'चिनी' बऱ्याचदा खरं असतं.