लेझर की मायक्रोवेव्ह? ड्रोन पाडणाऱ्या दोन अस्त्रांमधला फरक

ड्रोनविरोधी अस्त्रांच्या बातम्यांत लेझर आणि मायक्रोवेव्ह ही नावं बहुधा जोडीनेच येतात. दोन्हींत गोळी नसते, दोन्ही विजेवर चालतात आणि दोन्हींचा मारा प्रकाशाच्या वेगाने पोहोचतो. साम्य एवढंच. लेझर ड्रोनचं अंग जाळतो, तर मायक्रोवेव्ह त्याच्या आतली सर्किटं बिघडवतो. या फरकाचं मूळ झोताच्या रुंदीत आहे.

लेझर अस्त्रांत सध्या बहुतांशी फायबर लेझर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूत झोत तयार करणारा लेझर असतो. त्याची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ३० सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून हा झोत २ किलोमीटरवर टाकला, तर गणिताने ठिपका दीड-दोन सेंटिमीटरचा येतो. हवेची चलबिचल आणि यंत्राची थरथर धरली की तो आणखी काही सेंटिमीटर वाढतो. मायक्रोवेव्हची फ्रीक्वेन्सी ३ गिगाहर्ट्झ धरा. तरंगलांबी १० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ लाखपट, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका झोत जास्त फाकतो. १ मीटरच्या अँटेनातून निघालेला हा झोत १ किलोमीटरवर सुमारे १०० मीटर रुंद झालेला असतो.

आता लेझरचं काम बघू. रडार ड्रोन हेरतं, थर्मल कॅमेरा त्याच्यावर नजर ठेवतो, मग सूक्ष्म वेध घेणारी यंत्रणा ड्रोनवरचा एक नेमका बिंदू पकडते: मोटरचा बुंधा, बॅटरी, पंखाचा सांधा किंवा शेपटीची हलती पट्टी. त्याच बिंदूवर झोत काही सेकंद टिकवायचा असतो, आणि खरी कसोटी इथेच आहे. नेमात १ मायक्रोरेडियनची (हे कोन मोजायचं अतिसूक्ष्म एकक) चूक म्हणजे किलोमीटरमागे १ मिलिमीटर. थरथर २० मायक्रोरेडियन झाली, तर २ किलोमीटरवर ठिपका ४ सेंटिमीटर इकडेतिकडे सरकतो आणि उष्णता एका जागी साचण्याऐवजी पसरते. ड्रोन गिरक्या घेत असेल तर तीच अडचण. नुसते किलोवॉट वाचून लेझरची ताकद ठरवू नये, ते या कारणासाठी. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूलजवळ ३० किलोवॉट वर्गाच्या लेझरने स्थिरपंखी (विमानासारख्या न फिरणाऱ्या पंखांचा) ड्रोन पाडून दाखवला. त्या चाचणीतही झोताच्या ताकदीइतकंच कौतुक झोत धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचं करायला हवं.

वीज मात्र फार लागत नाही. फायबर लेझर घेतलेल्या विजेपैकी ३० ते ४० टक्के प्रकाशात बदलतो. म्हणजे ३० किलोवॉटच्या झोतासाठी १०० किलोवॉटच्या आसपास वीज हवी. ४ सेकंदांच्या माऱ्याला ४०० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटच्या नवव्या हिश्श्याएवढी. पण उरलेले ६०-७० किलोवॉट उष्णता होऊन यंत्रातच राहतात. थंड करणारी यंत्रणा अपुरी पडली की मारा थांबवावा लागतो. बाहेरच्या काचेवर धूळ बसली तर ती झोत शोषते, तापते आणि काचच खराब होते. धुकं, पाऊस, धुरळा यांत पल्ला झपाट्याने घटतो. ड्रोन थेट अंगावर येत असेल तर झोत हवेच्या एकाच पट्ट्यातून जात राहतो. वारा नसेल तर ती हवा तापते आणि झोत फाकतो.

लेझर एका वेळी एकच ड्रोन घेतो. समजा पल्ला २ किलोमीटर आणि ड्रोनचा वेग सेकंदाला ४० मीटर. हाताशी ५० सेकंद असतात. जाळायला ४ आणि पुढच्या लक्ष्यावर स्थिरावायला २ सेकंद धरले, तर सगळं बिनचूक झालं तरी आठच ड्रोन पडतील.

मोठ्या थव्यासाठी मायक्रोवेव्ह लागतो तो म्हणूनच. रुंद झोतात सापडलेल्या सगळ्या ड्रोनना एकदमच फटका बसतो. ऊर्जा आत शिरते अँटेनातून, किंवा मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर जोडणाऱ्या वायरींतून. १ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १५ सेंटिमीटर होते. लहान ड्रोनच्या हातांमधल्या वायरी साधारण त्याच मापाच्या असल्याने त्या नको असताना अँटेनाचं काम करतात. ब्रिटिश लष्कराच्या २०२५ मधल्या चाचणीत रेडिओलहरींच्या अशाच अस्त्राने एका माऱ्यात दोन थवे निकामी केले. पल्ला १ किलोमीटरपर्यंतचा होता.

पल्ला एवढा तोकडा का? अंतर दुप्पट झालं की पोचणारी तीव्रता चौथाईवर येते, त्यामुळे ताकद दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम १.४ पट वाढतो. दुसरी अडचण परिणामाची. झोताच्या कडेला असलेल्या ड्रोनची चिप जळत नाही, नुसती गोंधळते आणि काही सेकंदांत पुन्हा सुरू होऊ शकते. धातूची जाळी, फिल्टर आणि आखूड वायरी वापरून ड्रोन बऱ्यापैकी वाचवताही येतो. लेझरने पंख तुटला की कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. इथे ड्रोन कोसळेपर्यंत खात्री नसते, आणि स्थिरपंखी ड्रोन मेंदू बंद पडूनही तरंगत पुढे येऊ शकतो.

या दोघांत जॅमरलाही ओढलं जातं, ते चूक आहे. जॅमर फक्त ड्रोनचा संपर्क किंवा जीपीएस दाबतो. ऑप्टिकल फायबरच्या तारेने चालवलेल्या ड्रोनचा संपर्क त्याला तोडता येत नाही. लेझर आणि मायक्रोवेव्हसमोर ती तार उपयोगाची नाही.

चालवणाऱ्यांनी घ्यायची काळजीही वेगळी. लेझरचा झोत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळ्याचा पडदा जळतो. चुकलेला किंवा परावर्तित झोत खूप दूर जातो, म्हणून मागच्या आकाशात विमान किंवा उपग्रह नाही हे आधी तपासावं लागतं. मायक्रोवेव्हच्या बाबतीत धोका आपल्याच उपकरणांना: झोताच्या वाटेतले आणि बाजूच्या गळतीत येणारे आपले ड्रोन, रेडिओ आणि सेन्सर मारा करण्याआधी बाजूला घ्यावे लागतात किंवा त्यांना कवच द्यावं लागतं.