वणवारोधक लहान घर

वणव्याच्या वाटेवर उभे असूनही सहजी पेट घेणार नाही, अशा बेताने रचलेले छोटे निवासस्थान. ‘रोधक’ हा शब्द मात्र जपून वापरावा. असे घर पेटतच नाही असे नव्हे. आग आत शिरण्याच्या वाटा त्यात कमी ठेवलेल्या असतात, इतकेच.

वणवा म्हणजे चालून येणारी ज्वाळांची भिंत, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बरीच घरे ठिणग्यांनी जळतात. अमेरिकी वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींपुढे लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. झाडांचे शेंडे धडधडत असताना १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरची एकही पेटली नाही. आगीची आघाडी एका जागी मिनिटभर टिकते आणि तेवढ्यात दूरचे जाड लाकूड पेटण्याइतके तापत नाही. ठिणग्यांचे गणित निराळे. वाऱ्यावर त्या आगीच्या कितीतरी पुढे येऊन पडतात आणि पन्हळीतला पाचोळा, वळचणीतली फट, दारातले पायपुसणे यांत तासन्‌तास धुमसत राहतात.

लहान घराचा फायदा इथे दिसतो. छप्पर एकपाखी किंवा दुपाखी ठेवता येते, म्हणजे पाचोळा अडकणाऱ्या खाचा उरत नाहीत. क्षेत्र थोडे असल्याने पत्र्याचे छप्पर, कडक केलेल्या काचेची दुहेरी तावदाने, न जळणारे बाह्य आवरण हे सगळे एकदमच परवडू शकते. तोटाही लहानपणातूनच येतो. घरात जागा नाही म्हणून सरपण, गॅसची टाकी, जुनी खोकी भिंतीला टेकून किंवा जमिनीपासून उचललेल्या तळाखाली जातात. आराखडा कितीही चांगला असला तरी ही अडगळ त्याला हरवते. म्हणून सामानाची न जळणारी कोठी घरापासून दूर, पण आराखड्यातच धरावी.

भिंतींसाठी वीट, दगड, ठोकलेली माती हे जुने पर्याय आहेतच. इराणी-अमेरिकी वास्तुशिल्पी नादेर खलीली यांनी मातीने भरलेल्या लांब पिशव्यांचे थर काटेरी तारेने बांधून घुमटाकार घरे उभारण्याची ‘सुपरअडोबी’ पद्धत रुजवली. तिच्यात छप्पर आणि भिंत एकच असल्याने वळचणच राहत नाही. गवताच्या गठ्ठ्यांची भिंत ऐकूनच धडकी भरते, पण दाबून बांधलेल्या गवतात हवा खेळत नाही. सिमेंटच्या गिलाव्याची अशी भिंत प्रमाणित अग्निचाचणीत दोन तास टिकली आहे. धोका असतो तो बांधकाम चालू असताना, आवारात विखुरलेल्या सुट्या गवताचा.

झरोक्यांना बारीक धातूची जाळी हवी. कॅलिफोर्नियाच्या वणवाप्रवण भागांसाठीच्या बांधकाम नियमांत जाळीच्या छिद्रांसाठी साधारण १.६ ते ३.२ मिलिमीटर ही मर्यादा आहे. कौलांच्या पाखीच्या कडेची उघडी तोंडे बुजवावी लागतात, कारण तिथे पक्षी घरटी करतात आणि घरट्यातल्या वाळक्या काड्या ठिणगीने पेटतात. ऑस्ट्रेलियाचे ए.एस. ३९५९ हे मानक जागेनुसार धोक्याच्या सहा पातळ्या ठरवते. पातळ्यांच्या नावांतले १२.५, १९, २९ आणि ४० हे आकडे भिंतीवर येणाऱ्या उष्णतेचे, किलोवॅट प्रति चौरस मीटर या मापातले. सर्वांत वरची पातळी प्रत्यक्ष ज्वाळा पोहोचण्याची.

भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा रिकामा ठेवणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नावडता उपाय आहे. त्या पट्ट्यात खडी, फरशी किंवा उघडी माती असावी. झुडूप, लाकडी कुंपण, भुश्श्याचे आच्छादन नसावे. ऑगस्ट २०२३मध्ये हवाईतील लहाइना गाव जळाले तेव्हा लाल छपराचे एक लाकडी घर तेवढे वाचले. त्याला नुकतेच पत्र्याचे छप्पर घातले होते आणि भोवतीची झाडी काढून दगड पसरले होते. ते उपाय आगीसाठी नव्हतेच, घराच्या डागडुजीसाठी होते.

लहान घरे दाटीने वसली की हिशोब बदलतो. वणवा मिनिटात पुढे जातो, पण पेटलेले शेजारघर तासभर उष्णता ओकते. चाकांवरचे घर ओढून नेता येते, हा दिलासाही अर्धाच. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइस गाव जळत होते, तेव्हा बाहेर पडण्याचे रस्ते साध्या मोटारींनीच तुंबले होते.